पंचनाम्यानंतरचे प्रश्न

आपत्तीनंतर गावात पहिला कागद येतो तो तलाठ्याचा. किती भिंती पडल्या, घर अंशतः पडले की पूर्ण, किती जनावरे दगावली, किती गुंठ्यांतले पीक वाहून गेले, सगळे त्यावर उतरते. पंचांच्या सह्या-अंगठे होतात आणि मग पुढचे कित्येक आठवडे गावात एकच विचारणा चालते: यादीत नाव आले का? त्याच गावात महिन्या-दोन महिन्यांनी आपण दुसरा कागद घेऊन जातो. झोप लागते का, वाईट स्वप्ने पडतात का, जरा खुट्ट झाले की दचकता का, असे त्यावर विचारलेले असते. समोरच्या माणसाने हे दोन कागद वेगळे का मानावेत? नैसर्गिक आपत्तीतून वाचलेल्यांच्या मनावरचा आघात वेळेत ओळखण्याच्या या शास्त्रात पाऊल ठेवणाऱ्याने आधी या प्रश्नाचा विचार करावा. प्रश्नावल्या, गुण आणि कटऑफ हे त्यानंतरचे.

या विषयात येणाऱ्या सर्वांचे मनापासून स्वागत. मानसशास्त्राचे किंवा समाजकार्याचे विद्यार्थी, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, आशाताई, नर्सबाई, जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी, पूर आला की पहिल्या ट्रकबरोबर निघणारे कार्यकर्ते, अशा सगळ्यांचे इथे काम आहे. मानसोपचारतज्ज्ञ मोजके आहेत आणि ते बहुतेक शहरांत आहेत. दरड डोंगरातल्या वाडीवर कोसळते. मधले अंतर तुम्हीच भरून काढणार आहात.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या विषयाची सुरुवात किल्लारीपासून करावी लागते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जनाच्या मिरवणुका संपवून लोक नुकतेच निजलेले. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान, म्हणजे जगाच्या हिशेबाने फार मोठी नव्हे. पण केंद्र जमिनीत उथळ होते, आणि वर होती मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींची, माळवदाची घरे. उन्हाळ्यात गारवा देणारे ते मातीचे जाड छत झोपलेल्या माणसांवर आले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सरकारी आकड्याप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. इतर अंदाज दहा हजारांच्या जवळ जातात. पुढे ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली.

दगड, पत्रे, सिमेंट यांचा हिशेब जसा झाला तसा मनाचाही थोडा झाला. १९९६ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअॅट्री’मध्ये या भूकंपातून वाचलेल्या ग्रामीण लोकांविषयी एक छोटा अहवाल प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना कुठला ना कुठला मानसिक विकार असल्याचे त्यात आढळले, आणि सर्वांत पुढे होती ती दोन निदाने: आघातोत्तर ताणविकार, ज्याला आपण सर्रास पीटीएसडी म्हणतो, आणि नैराश्य. ही जोडी लक्षात ठेवा, पुढे ती परत लागणार आहे.

पीटीएसडी हे निदान अधिकृत यादीत आले १९८० साली, डीएसएम-३ या अमेरिकन निदानसूचीमध्ये. त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा अनुभव होता. युद्धाच्या आघातातून घडलेले हे निदान भूकंप, वादळ आणि पुरालाही लावता येते, हे नंतरच्या दशकांत दिसत गेले. ओडिशाचे १९९९ चे महाचक्रीवादळ, २००१ चा भूजचा भूकंप, २००४ ची त्सुनामी, या प्रत्येक आपत्तीने आपल्या देशातल्या कामाला काहीतरी शिकवले. २००९ साली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मनोसामाजिक आधारासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या, म्हणजे तंबू, अन्नधान्य आणि क्लोरीनच्या गोळ्यांबरोबर मनाचीही तजवीज करायची असते हे सरकारी कागदावर आले.

विकाराचे स्वरूप थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात त्याची तीन अंगे मानली आहेत. घडलेली घटना आठवणे वेगळे आणि ती आत्ता, इथे, पुन्हा घडते आहे असे वाटणे वेगळे. हे दुसरे म्हणजे पहिले अंग. त्या घटनेची आठवण करून देणारी जागा, माणसे, विचार टाळणे हे दुसरे. धोका टळूनही तो समोरच आहे असे शरीराने धरून चालणे, सतत कान टवकारलेले असणे, दचकणे हे तिसरे. हे काही आठवडे टिकले आणि त्यापायी रोजचे जगणे अडले, तरच त्याला विकार म्हणायचे.

पहिल्या महिन्यात मात्र हे सगळे जवळजवळ प्रत्येकालाच थोडेफार होते, आणि बहुतेकांचे आपोआप ओसरते. म्हणून तिसऱ्या दिवशी छावणीत जाऊन प्रश्नावली भरून घेण्यात अर्थ नाही. त्या दिवसांत माणसाला पाणी, पांघरूण, हरवलेल्या नातेवाइकाची बातमी आणि शेजारी शांत बसणारे कुणीतरी हवे असते. ‘झालेले सगळे बोलून टाका म्हणजे मोकळे व्हाल’ असे म्हणून लोकांना एकाच बैठकीत घटना तपशीलवार सांगायला लावण्याची पद्धत एके काळी जगभर चालली. तिने पीटीएसडी टळत नाही, काहींना उलट त्रासच होतो, असे अभ्यासांतून पुढे आले आणि ती मागे पडली. उत्साही स्वयंसेवकांच्या हातून हे अजूनही घडते, म्हणून इथे ठासून सांगतो: पहिल्या दिवसांत कुणालाही बोलते करू नका. बोलले तर ऐका.

स्क्रीनिंगची, म्हणजे प्रश्नावलीने चाळून त्रासातली माणसे शोधण्याची, वेळ त्यानंतर येते. ते का करायचे, याचे उत्तर सरळ आहे: ज्यांना त्रास टिकून राहतो ते आपणहून येत नाहीत. टाळणे हे आजाराचेच एक अंग असल्यावर डॉक्टरांपुढे बसून तेच सगळे उकरून काढणेही टाळले जाणार. लंडनमध्ये २००५ च्या बॉम्बस्फोटांनंतर वाचलेल्यांना शोधून प्रश्नावल्या पाठवल्या गेल्या. ज्यांना उपचारांची गरज निघाली त्यांतले फारच थोडे नेहमीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून आले होते. बाकीचे या शोधातूनच सापडले. ती आपत्ती माणसांनी घडवलेली होती, पण मुद्दा आपल्यालाही लागू आहे. आपल्याकडे तर माणूस दवाखान्यात आला तरी छातीत धडधडते, डोके धरते, हातपाय गळाल्यासारखे होतात असे सांगतो आणि टॉनिकची बाटली घेऊन परत जातो.

साधने पुष्कळ आहेत, त्यांची ओळख पुढच्या प्रकरणांत होईलच. पीसीएल-५ मध्ये २० प्रश्न आहेत, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८० पैकी ३१ ते ३३ च्या पुढे गेले की पुढची तपासणी करायची. क्रिस ब्रूविन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेल्या टीएसक्यूमध्ये दहाच प्रश्न, हो किंवा नाही एवढेच उत्तर. सहा ‘हो’ आले की नाव पुढे पाठवायचे. पाच प्रश्नांचे पीसी-पीटीएसडी-५ त्याहूनही छोटे. ज्यांना ० ते ४ ही मोजणी अवघड जाते त्यांच्यापुढे रिकाम्यापासून काठोकाठ भरलेल्यापर्यंत पाच पेल्यांचे चित्र ठेवता येते. बोट ठेवून उत्तर देणे लिहिण्या-वाचण्यापेक्षा सोपे असते.

पण यांतले एकही साधन निदान करत नाही. हे पाठ करून ठेवण्यापेक्षा एकदा कागदावर मांडून पाहा. समजा एका भागात हजार माणसे आहेत आणि त्यांतल्या शंभर जणांना खरोखर पीटीएसडी आहे. आपली प्रश्नावली चांगली आहे: आजारी शंभरांतल्या ८० जणांना ती पकडते, आणि आजार नसलेल्या दर शंभरांतल्या ९० जणांना बरोबर बाजूला काढते. म्हणजे ८० जण बरोबर सापडले. पण आजार नसलेल्या ९०० पैकी ९० जणही अडकले. हातात १७० नावे आली आणि त्यांतल्या निम्म्याहून कमी लोकांना आजार आहे. शिवाय २० जण निसटले ते वेगळेच. आता तीच प्रश्नावली घेऊन अशा वस्तीत जा जिथे बहुतेक घरांतले माणूस गेले आहे आणि हजारांतल्या ३०० जणांना आजार आहे. इथे ३१० नावे येतील आणि त्यांतली २४० खरी असतील. साधन तेच, प्रश्न तेच, पण पहिल्या यादीवर विसंबून चालणार नाही आणि दुसरीवर बरेचसे विसंबता येईल. म्हणून कुठे चाळायचे हे आधी ठरवायचे असते, आणि चाळणीतून निघालेल्या प्रत्येकाशी प्रशिक्षित माणसाने सविस्तर बोलल्याखेरीज कुणाच्याही नावापुढे आजार लिहायचा नसतो.

आता एकच प्रश्न जवळून पाहू, म्हणजे कागदावरचा प्रश्न आणि वाडीवरचा प्रश्न यांत किती फरक पडतो ते दिसेल. जवळजवळ प्रत्येक प्रश्नावलीत सतत सावध असण्याविषयी विचारलेले असते. आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ ला डोंगर आला आणि १५१ माणसे गेली. महाडजवळच्या तळियेवर दरड आली ती २२ जुलै २०२१ ला, खालापूरच्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री. तिन्ही घटना भर पावसाळ्यातल्या. अशा डोंगराच्या कुशीतल्या एखाद्या वाडीत जुलैमध्ये जाऊन तुम्ही विचारलेत, “मावशी, रात्री जागं राहून सावध राहावं लागतं का?” तर ती म्हणेल, हो, रोज. मोबाइलवर रेड अलर्ट आला की आम्ही कुणीच झोपत नाही. प्रश्नावलीत याला पूर्ण गुण मिळतील. पण जिथे डोंगर खरोखर खचू शकतो तिथे पावसाच्या रात्री जागे राहणे हा आजार नव्हे, ते शहाणपण आहे. म्हणून पुढचा प्रश्न विचारावा लागतो: पाऊस थांबल्यावर? दिवाळीत? मुंबईला लेकीकडे गेलात तेव्हा चौथ्या मजल्यावरसुद्धा? “तिथंही लिफ्टचा आवाज आला की उठून बसते,” असे उत्तर आले तर कान द्यायला हवा. प्रश्नावलीतला मूळ शब्द न बदलता हा जोडप्रश्न विचारणे कुठल्याही छापील कागदात नसते. ते प्रशिक्षणातून आणि त्या वाडीच्या ओळखीतून येते.

टाळण्याच्या प्रश्नाचीही हीच गत. किल्लारी परिसरातली नवी गावठाणे कित्येक ठिकाणी शेतांपासून दूर पडली. ज्याचे शेत जुन्या गावापलीकडे आहे त्याला ढिगाऱ्याकडची वाट टाळायची म्हटले तरी टाळता येत नाही. पेरणीला, राखणीला त्याच वाटेने जावे लागते. ‘त्या जागेकडे जाणे टाळता का?’ या प्रश्नाला तो ‘नाही’ म्हणेल आणि गुण शून्य पडतील. तिथून जाताना तो काय करतो, मान खाली घालून, बैलांना हाकत, कुणाशी न बोलता जातो का, हे विचारले तर खरे उत्तर मिळेल. आणखी एक: गेलेली माणसे स्वप्नात येणे. आपल्याकडे पितृपक्षात वडील स्वप्नात आले तर घरात त्याचा अर्थ लावला जातो, पान वाढले जाते, आणि कित्येकांना त्याने बरे वाटते. १९९३ चा भूकंप तर पितृपक्षाच्या तोंडावरच झाला. प्रत्येक स्वप्न दुःस्वप्नाच्या रकान्यात टाकण्याआधी विचारा, की उठल्यावर कसे वाटले.

मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७७ मध्येच इशारा दिला होता की एका समाजात तयार झालेला रोगाचा साचा दुसऱ्या समाजावर ठेवला की तो बसल्यासारखा दिसतो, पण तिथला खरा त्रास बाजूला राहू शकतो. त्सुनामीनंतर श्रीलंकेत मानसशास्त्रज्ञ गायत्री फर्नांडो यांनी लोकांना मोकळेपणी बोलू दिले, तेव्हा तुटलेली नाती आणि हातून गेलेली घरातली जबाबदारीची जागा हेच दुःख लोक मोठे मानतात असे दिसले. यावरून पीटीएसडी हे निदान परके म्हणून टाकून देण्याचा निष्कर्ष काही जण काढतात, तो मला मान्य नाही. रात्री-अपरात्री किंचाळत उठणारा माणूस लातुरातही असतो आणि जपानमधल्या भूकंपग्रस्त कोबेतही, आणि त्याला उपलब्ध उपचार मिळायलाच हवेत. मात्र प्रश्नावलीच्या अलीकडे आणि पलीकडे त्याला त्याच्या शब्दांत बोलू द्यावे. धसका घेतला, काळजात धस्स होते, डोळ्याला डोळा लागत नाही, घरात मन लागत नाही, ही वाक्ये कानावर पडली की लिहून घ्या. पुढची चांगली मराठी प्रश्नावली अशाच नोंदींतून तयार होईल.

पुन्हा तलाठ्याच्या कागदाकडे येतो. हातात छापील फॉर्म घेऊन येणारा प्रत्येक जण लोकांच्या लेखी सरकारी असतो. मग काही जण त्रास वाढवून सांगतात, कारण यादी मदतीची असेल. काही जण दडवतात, कारण ‘डोक्यावर परिणाम झालाय’ अशी नोंद झाली तर मुलीच्या लग्नात आडवी येईल, घर मिळताना आडवी येईल. दोन्ही बाजू समजण्यासारख्या आहेत. त्यांना खोटेपणा म्हणू नये. किल्लारीत घरेही कुटुंबाकडे किती जमीन होती त्यावरून २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांची मिळाली. कागदावरचा आकडा जगणे ठरवतो हे ज्या लोकांनी अनुभवले, ते तुमच्याही आकड्याकडे तसेच बघणार. म्हणून पहिल्याच वाक्यात स्पष्ट सांगा: या कागदाचा अनुदानाशी संबंध नाही, नाव गावात कुणाला कळणार नाही, एखादे उत्तर नाही दिलेत तरी चालेल. आणि हे शब्द पाळा. पत्र्याच्या शेडमध्ये एका खोलीत सात माणसे असतात. सुनेला सासूसमोर विचारलेत तर ती ‘बरं आहे’ म्हणेल आणि चहा ठेवायला उठेल. तिला पाणी आणायला जाताना गाठा, अंगणवाडीच्या मागच्या खोलीत बसवा, बाई बाईशी बोलू द्या. किल्लारीच्या पुनर्वसनात गावागावांतल्या बायकांनी ‘संवाद सहायक’ म्हणून घरबांधणीची माहिती घरोघरी पोहोचवली होती. विश्वासाची अशी माणसे गावातच असतात. बाहेरून आणावी लागत नाहीत.

विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी कुठल्याही आजाराच्या स्क्रीनिंगच्या अटी लिहून ठेवल्या. त्यांतली एक मी या विषयात सर्वांत वर ठेवतो: आजारावर मान्य उपचार असले पाहिजेत आणि ते देण्याची सोय असली पाहिजे. ही अट मी प्रश्नावलीच्या निवडीच्याही आधी ठेवतो. एखाद्या बाईला तुम्ही विचारलेत, तिने पहिल्यांदाच तोंड उघडले, मग तुम्ही फॉर्म फाइलला लावला आणि परत आलाच नाहीत, तर विचारण्याने तिचे नुकसान झाले. पुढे कुणाकडे पाठवायचे, तो दवाखाना किती लांब आहे, तिथे आठवड्यातून कुठल्या दिवशी डॉक्टर येतात, एसटी कितीला आहे, सोबत कोण जाईल, याची उत्तरे सर्वेक्षणाच्या आधी लिहून तयार असली पाहिजेत. आघातावर केंद्रित मानसोपचार, गरजेनुसार औषधे, गावातल्या प्रशिक्षित माणसांनाही देता येणारे जागतिक आरोग्य संघटनेचे पाच बैठकींचे ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, २०२२ पासून सुरू असलेली टेलिमानसची १४४१६ ही हेल्पलाइन, असे काही ना काही जोडून ठेवता येते. यातले काहीच जोडता येत नसेल तर संशोधनाच्या नावाखालीही प्रश्नावली वाटू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पीटीएसडी आणि नैराश्याची ती जोडी. फक्त पीटीएसडी शोधत गेलात तर शेजारी बसलेले नैराश्य निसटेल. म्हणून टीएसक्यूबरोबर जागतिक आरोग्य संघटनेची २० प्रश्नांची एसआरक्यू किंवा नैराश्यासाठीची पीएचक्यू-९ जोडतात. पुरुष बहुधा ‘काही नाही’ म्हणतात आणि संध्याकाळी पितात. दारूविषयी वेगळे विचारावे लागते. कर्ज काढून उभा केलेला ऊस पुराच्या पाण्याखाली आठवडाभर राहिला, तर त्या शेतकऱ्याला दरडीची स्वप्ने पडणार नाहीत, पण त्याच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील. हे विचारायला घाबरू नका. मात्र ‘हो’ आले तर त्याच दिवशी पुढची हालचाल करायची तयारी हवी.

मुलांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, इथे एवढेच सांगतो: आईबाप मुलांचा त्रास कमी सांगतात, बरेचदा स्वतःच्या दुःखात असल्यामुळे त्यांना तो दिसत नाही. साधारण आठ वर्षांपुढच्या मुलांना क्राइज-८ सारखे आठ सोपे प्रश्न थेट विचारता येतात. त्याहून लहान मुले खेळातून सांगतात. तीच तीच दरड, तेच तेच घर पाडणे. किल्लारीनंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्यात शिक्षणासाठी आणले. घर गमावलेले मूल गाव सोडून वसतिगृहात येते तेव्हा त्याची झोप, अंथरूण ओले होणे, वर्गातले गप्प बसणे सर्वांत आधी वॉर्डन आणि शिक्षक पाहतात. त्यांना काय पाहायचे ते शिकवणे हेही स्क्रीनिंगच आहे.

एक गट जवळजवळ सगळ्या याद्यांतून सुटतो. माळीण गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा एका एसटी चालकाच्या लक्षात आले होते. असे पहिले साक्षीदार, मृतदेह काढणारे जवान आणि गावकरी, ओळख पटवणारे पोलीस, शवविच्छेदन करणारे ग्रामीण रुग्णालयातले कर्मचारी, स्वतःचे घर पडलेले असताना दुसऱ्यांच्या घरांचे पंचनामे करणारा तलाठी, आणि महिनोन्‌महिने हीच दुःखे ऐकणारे तुम्ही आशाताई, समुपदेशक, कार्यकर्ते. तुमच्यासाठीही महिन्यानंतर आणि पुन्हा सहा महिन्यांनी हीच प्रश्नावली, असाच एकांत आणि तितकीच गुप्तता हवी. त्या उत्तरांचा कागद तुमच्या वरिष्ठांच्या टेबलावर, बढतीच्या किंवा बदलीच्या फाइलमध्ये जाता कामा नये. तो संस्थेबाहेरच्या समुपदेशकाकडे राहील, एवढी व्यवस्था मोहिमेचा आराखडा करतानाच लेखी करून घ्या.